हळदीची बंडी

आमच्या घरात कुणाचंही लग्न निघालं, की आदल्या संध्याकाळी मला चुलीपासून उठवून मधोमध बसवतात आणि म्हणतात, "ती कन्नडची गोष्ट सांग." गोष्टीतली येडी मी आहे, म्हणून ती सगळ्यांना आवडते. आम्ही बौद्ध. लग्न लागतं ते वंदना म्हणून; हळदीचे विधी आमच्या मोठ्यांनी धम्म घेतला तेव्हाच सोडले. तरी त्या संध्याकाळी वाटीभर हळद कुठून तरी निघतेच, कारण तिला नको म्हणणारे म्हातारे आता उरले नाहीत. मीही नको म्हणत नाही. त्या हळदीपायी माझं एवढं हसं झालं आणि त्याच हळदीनं माझी सासू रस्त्यावर उभी राहिली. मी कुठल्या तोंडानं नको म्हणू?

माझं माहेर उदगीरकडचं. सासर बसवकल्याणजवळ. मधे एक एस.टी. बदलावी लागायची आणि एक भाषा. सासरी घरात मराठी, बाजारात दखनी आणि पाटीवर, कचेरीत, साहेबाच्या तोंडात कन्नड. माझी सासू तिन्ही भाषांत भांडायची. मला एकाच भाषेत भांडता यायचं, तेही हळू आवाजात. मराठी वाक्याच्या शेवटी 'री' लावलं की त्याचं कन्नड होतं, असा माझा त्या काळी ठाम समज होता. "मीठ द्या री," असं मी दुकानदाराला म्हणायचे, आणि तो मीठ द्यायचा, त्यामुळं समज आणखीच पक्का व्हायचा.

तेव्हा मोठा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. गावातल्या बऱ्याच बाया खडीवर जायच्या. आमच्या गल्लीतल्या होत्या, धनगरांच्या होत्या. नवरा सोलापूरला सेंट्रिंगच्या कामाला, म्हणून सासूबरोबर मीही गेले. मी घमेलं उचलायचे. सासूचे गुडघे गेलेले, तिला घमेलं जमत नव्हतं, म्हणून तिला झेंडी मिळाली होती. अर्ध्या रस्त्यावर काम चालायचं आणि उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या सोडायच्या, एकदा इकडच्या, एकदा तिकडच्या. बाकीच्यांना अडवून धरायला एका टोकाला लाल झेंडी घेऊन माणूस लागतं. ते माणूस म्हणजे माझी सासू. भर उन्हात, धुरळ्यात ती खांबासारखी उभी राहायची आणि मोठमोठे ट्रक तिच्यापुढं येऊन फुरफुरत थांबायचे. घरी येऊन म्हणायची, "आज एका कलेक्टराला थांबवलं." कलेक्टर कसला, तो बीदरचा केळीवाला असायचा. पण तिला त्याचं काही नव्हतं. तिनं थांबवलं की माणूस कलेक्टर व्हायचा.

कंत्राटदारानं नारिंगी जाकिटं दिली होती, लांबून दिसायला. ती रोलरवाल्याला, डांबरवाल्यांना, म्हणजे गड्यांना. एका धनगरीण बाईनं मुकादमाला विचारलं, "आमाला कामून न्हाईत?" ही बाई माझ्या सासूची जोडीदारीण, सासूला अक्का म्हणायची.

मुकादम म्हणाला, "तुमची लुगडी रंगीत असतातच की."

माझ्या सासूचं लुगडं रंगीत होतं असं म्हणायला फार जुनी आठवण लागली असती. सासरे गेल्यापासून तिनं नवं घेतलंच नव्हतं. जे होतं ते धुऊन धुऊन मातीच्या रंगाला आलेलं. रस्ताही मातीच्या रंगाचा, धुरळाही त्याच रंगाचा.

मग व्हायचं ते झालं. एका दुपारी हुमनाबादकडनं ट्रक आला, धुरळ्यातनं थेट तिच्या अंगावर. ती बाजूला झाली म्हणून वाचली. ट्रकाची कड झेंडीच्या काठीला लागली, काठी मोडली आणि सासू खडीच्या ढिगावर पडली. कोपर सोलून निघालं. डायवर उडी मारून खाली आला, त्याचा चेहरा पांढराफटक. "अम्मा, दिखेच नैं! कसम से, दिखेच नैं!"

सासू उठली, लुगडं झटकलं आणि त्याला म्हणाली, "जा बाबा. तुला तरी काय बोलू."

पण तिला मुकादमाला बोलावंच लागलं, कारण तो लगेच म्हणाला, "खरं हाय की त्याचं. तू दिसतच न्हाईस म्हातारे. उद्यापासून झेंडी जाकीटवाल्याच्या हातात."

"मी दिसत न्हाई म्हणून मलाच हटवायलास व्हय?"

"मग काय ट्रकाला हटवू?"

"जाकीट दे. दिसते का न्हाई ते बग."

"बायाचं जाकीट न्हाई."

झेंडी गेली म्हणजे घमेलं, आणि घमेलं म्हणजे तिच्या गुडघ्यांनी घरी बसणं. हे मुकादमालाही माहीत होतं, आम्हालाही. पण संध्याकाळी वाटेनं चालताना ती घरी बसायचं बोललीच नाही. एकच घोकत होती, "दिसतच न्हाई म्हणं. एवढी बाई दिसत न्हाई." आणि मग माझ्याकडं वळून, "तू शिकलेली. साहेबाकडं जा."

सातवी पास झाल्याचा मला आयुष्यात जेवढा पस्तावा झाला, तेवढा नापास झालेल्यांनाही झाला नसेल.

मी तशीच माघारी फिरले. साहेब तरुण होता, म्हैसूरकडचा, मराठीचा गंध नसलेला. तंबूत बसून नकाशावर झोपेला आलेला. मी पदर तीनदा नीट केला आणि म्हणाले, "आमच्या सासूला जाकीट बेकु री."

'बेकु' म्हणजे पाहिजे, एवढं मला येत होतं. साहेबाला मजा वाटली असावी. त्यानं सावकाश, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. जाकीट इल्ल, म्हणजे नाही. ते मला कळलं. मग स्वतःच्या सदऱ्याला चिमटीत धरून म्हणाला, "हळदी बट्टे हाक्कोंड बर्री. नाळे नोडोण."

'हाक्कोंड बर्री' म्हणजे घालून या. 'नाळे' म्हणजे उद्या. 'बट्टे' म्हणजे कापड, हे सासूच्या भांडणांतून कानावर पडलेलं. आणि हळदी? हळदी कुणाला कळत नाही! मी तरंगत घरी आले. कन्नड इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

बाया आमच्या ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. मी जाहीर केलं, "साहेब म्हणला, हळद लावलेले कपडे घालून या. मग उद्या बघू."

मग धनगरीण म्हणाली, "हळद लावलेले? कामून, साहेबाचं लगीन हाय?"

हसू उसळलं. मागं बसलेली एकजण मात्र हसली नाही. "थट्टा करायलाय तो. रांडमुंड बाईला हळद लावून ये म्हणतोय, अन् तुमी हसायलाव."

हसू विझलं. सगळ्यांनी सासूकडं पाहिलं. धम्म घेतला तरी विधवेनं हळदीपासून लांब राहावं हे कुणाच्या अंगातून गेलं नव्हतं; हळद सोडली होती, हळदीची भीती सोडली नव्हती.

सासूनं मला विचारलं, "त्याच्या तोंडचे शब्द सांग. जसेच्या तसे."

मी सांगितले, "हळदी बट्टे हाक्कोंड बर्री."

ती जरा वेळ कोपराला फुंकर घालत बसली. ओठाच्या कडेला काहीतरी हललं. मला वाटलं, दुखत असेल. मग म्हणाली, "म्हणला ना साहेब? मग घालायचे."

तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक आप्पा आले. ते कट्टर. धम्म घेतला त्या वर्षी गावातले देव्हारे उचलून ओढ्यात सोडायला पुढं तेच होते आणि दुसरी माझी सासू. त्यांनी ऐकलं आणि दारातच उभे राहिले. "आपण हळद-कुंकू सोडलंय. घालायचंच तर निळं घाला. आपला रंग निळा."

"भाजीत हळद घालता का न्हाई आप्पा?"

"ते खायाचं."

"मग हे दिसायचं. खायाला चालती अन् दिसायला बाटती व्हय?"

"निळ्यानं बी दिसतं की."

"बगू मग," सासू म्हणाली.

आमच्याकडं कुठलीही गोष्ट बगू म्हटली की ती त्याच दिवशी बघितली जाते. दिवस मावळायला आला होता. आम्ही रस्त्याकडच्या बाभळीवर कपडे लटकवले. माझं लग्नातलं निळं पातळ, धनगरणीचं हिरवं, कुणाचं तरी लाल चोळीचं कापड, आणि एक पांढरा फडका हळदीच्या पाण्यातून काढलेला, अजून गळत असलेला. मग आप्पांना घेऊन सगळी वरात मोठ्या चिंचेपर्यंत चालत गेली आणि वळून पाहू लागली. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या. बाभळीला पातळं कशी फुटली म्हणून बघायच्या.

उजेड उतरत गेला. आधी निळं गेलं. बाभळीत मिसळूनच गेलं. मग हिरवं. लाल काळं पडलं. हळदीचा फडका मात्र बाभूळ दिसेनाशी झाली तरी दिसत होता, हवेत टांगल्यासारखा.

आप्पा बराच वेळ डोळे बारीक करून निळं शोधत राहिले. मला त्यांची दया आली. माझंच पातळ होतं ते, मलाही ते दिसायला हवं होतं.

सासू त्यांना म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मऊ होता, "निळं घरावर लावू आप्पा, अन् ते उतरवणार न्हाई. पर ट्रकवाल्याला आपला रंग कोणता ते ठावं न्हाई. त्याला दिसंल त्यो घालायचा."

आप्पा म्हणाले, "कुंकू लावू नका म्हंजी झालं," आणि घरी गेले.

"भंडाराच की गं हा, आमच्या मैलार देवाचा," धनगरीण खूष होती.

"तुझा भंडारा, माझी भाजी. रंग एकच," सासू म्हणाली.

घरी येऊन तिनं पेटी उघडली. तळातून सासऱ्यांचं धोतर काढलं. ते मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं ते उलगडलं, दोन्ही हातांनी ताणून विरलंय का पाहिलं आणि कात्री माझ्या हातात दिली. "बंड्या बेत. माझी, हिची, तुझी. उरंल त्यात बसतील तेवढ्या." बिनबाह्यांच्या, लुगड्यावरून घालायच्या. मी बेतल्या तशा झाल्या, म्हणजे एकीची गळ्याची बाजू काखेत गेली. ती मीच घातली. घरातली सगळी हळद पातेल्यात गेली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या वरणाला रंग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिवळ्याधमक कामावर गेलो. मुकादमानं विडी तोंडातून काढली. "कुणाचं लगीन?"

"तुझ्या ट्रकवाल्याचं," सासू म्हणाली. "झेंडी दे."

"साहेब आल्याबिगर न्हाई. तवर मोरीवर चुना मारा."

झेंडी जाकीटवाल्याकडं होती. तो ती मांडीखाली घेऊन लिंबाच्या सावलीत बसला होता, आणि जाकीट ऊन लागतं म्हणून काढून डोक्याखाली घेतलं होतं. आम्ही मोरीच्या, म्हणजे रस्त्यातल्या लहान पुलाच्या, कठड्यांना चुना देऊ लागलो. ऊन चढलं, घामानं बंड्या अंगाला चिकटल्या, चुन्याचे शिंतोडे उडत होते. कुणाच्याच ध्यानात काही आलं नाही. मग धनगरीण एकदम ओरडली, "अगं अक्का, रगत!"

सासूच्या खांद्यावर, छातीवर लाल डाग उमटले होते. मी माझ्याकडं पाहिलं, माझ्यावरही. कोपराची जखम फुटली म्हणावं तर मला कुठं जखम होती? आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं, कारण प्रत्येकीनं कधी ना कधी हळदीत चुना कालवताना पाहिलं होतं.

धनगरीण हळूच म्हणाली, "कुंकू झालं की गं."

कुणी हसेना. विधवेच्या अंगभर कुंकू. काल थट्टा म्हणणारी बाई तोंडावर हात धरून उभी. मला वाटलं, आता सासू बंडी काढून फेकील, मी काय सांगून बसले म्हणून मला शिव्या देईल. तिनं बोटानं एक डाग चाचपला, बोट नाकाशी नेलं. मग म्हणाली, "झालं तर झालं. माणसांनी पुसलं, चुन्यानं लावलं. चुन्याला काय ठावं कोण रांडमुंड?"

आणि कुंचला बादलीत टाकून ती चालू लागली. तिकडून साहेबाची जीप येताना दिसत होती. सासू लिंबाखाली गेली, जाकीटवाल्याच्या मांडीखालून झेंडी ओढून घेतली. तो "ओ, ओ" म्हणेपर्यंत ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, झेंडी वर, पिवळी आणि लाल, एखादी भिंत रंगवून उभी करावी तशी.

जीप चिंचेपाशीच हळू झाली. मग रांगत आली आणि तिच्यापुढं थांबली. मुकादम धावत आला, "साहेब, म्हातारीनं झेंडी हिसकावली."

साहेबाचं लक्ष डागांवर. "रक्ता?"

सासू म्हणाली, "रक्त न्हाई साहेब, हळद हाय. तुमीच सांगिटलं की." आणि माझ्याकडं बोट केलं. मुकादमानं ते कन्नडात सांगितलं.

साहेब माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अय्यय्यो! हळदी अंद्रे बण्णा! अरिशिण अल्ल!"

मुकादम हसता हसता खाली बसला. "अगं बाई! कन्नडात हळदी म्हंजी पिवळा रंग! खायच्या हळदीला अरिशिण म्हणतेत! पिवळं कापड घालून या म्हणला त्यो, अन् ही सगळ्या बायांला हळद लावून आली!"

खडीवरचे गडी हसले, रोलर थांबवून रोलरवाला हसला, साहेब हसला. धनगरीणसुद्धा पदराआड हसली. मी खडीत तोंड खुपसायला जागा शोधत होते. काखेतल्या गळ्यासह.

एकटी सासू हसली नाही. सगळ्यांचं हसणं संपेपर्यंत तिनं झेंडी तशीच वर धरली होती. मग तिनं साहेबाला त्याच्याच भाषेत विचारलं, "नान काणस्तिनो इल्लो?" मी दिसते का नाही?

साहेबानं मागं वळून चिंचेकडं पाहिलं. म्हणाला, हो, तिथूनच दिसलात.

"मग झेंडी कुणाची?" तिचं कन्नड चालूच होतं.

मुकादम मधे पडला. "पर साहेब, नियमात जाकीट—"

"नियमात जाकीट हाय का दिसणं हाय?" ती त्याच्यावर वळली. "तुझं जाकीट बग कुठं हाय. सावलीत निजलंय."

साहेबानं लिंबाकडं पाहिलं. जाकीटवाला घाईघाईनं जाकीट घालत होता, उलटं. साहेब म्हणाला, झेंडी अम्मांकडंच राहू दे. बायांच्या जाकिटांचं बघतो.

"बगतो न्हाई, पाठवा. तवर आमी हळद लावतो. पर झेंडी देणार न्हाई." आणि तेवढं बोलून तिनं झेंडी खाली केली. तोवर साहेबाची जीप अडलेलीच होती. ते त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

परतताना मी सगळ्यांच्या मागून चालत होते. सासू मुद्दाम मागं राहिली. मी म्हणाले, "आत्या, माझ्यामुळं हसं झालं."

"तुझं झालं. माझं कुठं?"

मग मला सुचलं. "आत्या, तुमाला तर कन्नड येतं. हळदी म्हंजी पिवळा रंग, हे तुमाला ठावं असंल."

"ठावं हाय की."

"मग काल कामून बोलला न्हाईत?"

"पिवळं कापड घरात न्हवतं. हळद होती." मग काही पावलांनी, "अन् साहेबच म्हणतोय तर म्हणलं, कोण अडवतंय बगू."

हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. चारेक दिवसांत बंड्या फिकुटल्या. आम्ही पुन्हा पातेलं चढवलं, पुन्हा चुन्यानं लाल झाल्या, पुन्हा फिकुटल्या. गल्लीत कुणाची ना कुणाची कुजबुज चालूच असायची. सासू ती ऐकायची आणि हळद जरा जास्तच टाकायची. आप्पा मात्र कधी बोलले नाहीत. उलट एकदा बाजारातून हळकुंडं आणून आमच्या ओट्यावर ठेवून गेले, भाजीसाठी म्हणून.

बऱ्याच दिवसांनी बायांची जाकिटं आली, नारिंगी, गड्यांच्या मापाची. सासूनं ती सरळ घेतली नाहीत. आधी बाभळीवर लटकवून चिंचेपासून बघितली. "बरी हायती," असा निकाल दिला. मग जाकीट घातलं, पण बंडीवरून. मुकादम म्हणाला, "आता ती काढ की." तिनं न ऐकल्यासारखं केलं. काम संपेपर्यंत नारिंगीखालून पिवळी कड दिसत राहिली.

त्यातल्याच एका दुपारी हुमनाबादकडनं एक ट्रक आला. मी मोरीपाशी होते, लगेच ओळखला. चिंचेपासूनच तो हॉर्न वाजवत, रांगत आला आणि डायवरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "दिखे अम्मा! दिखे, दिखे!"

समोरून येणाऱ्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. रस्ता चिंचेपासून पलीकडच्या वळणापर्यंत मोकळा पडला होता. तरी सासूनं झेंडी खाली केली नाही.

"आता नीट बग," ती म्हणाली. "घाई कसली हाय?"